तायकिळो उगवतो कुठे?

जूनचा दुसरा आठवडा. बाहेर पावसाची झड लागलेली. फोंड्यातल्या आमच्या कचेरीत दीड वाजता डबे उघडले. वयानं सगळ्यांत मोठ्या असलेल्या बाईंच्या डब्यात तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याच्या कोवळ्या पानांची, भाजी होती; भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या घालून केलेली, वर ओल्या खोबऱ्याचा चव. शेजारच्या डब्यात उकडं शीत, म्हणजे उकड्या तांदळाचा भात, सोलांची कढी आणि खाऱ्या बांगड्याची किसमूर. एकीनं रात्रीचं चिकन आणलं होतं. नव्यानं रुजू झालेल्या मुलानं खालच्या हॉटेलातून नुस्त्याची, म्हणजे मासळीची, थाळी मागवली होती आणि तिच्यातला तळलेला तुकडा कसला, हे कुणालाच ओळखता येईना. हॉटेलात फोन करून विचारलं तेव्हा कळलं, बासा. ना मांडवीतला, ना झुआरीतला, ना समोरच्या दर्यातला.

तिथून वादाला तोंड फुटलं. दर पावसाळ्यात हाच वाद घराघरांत, चहाच्या टेबलावर, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात होतो आणि त्याच्या दोन बाजूही ठरलेल्या आहेत. एक बाजू म्हणते, नुस्तं-शीत-कडी हे गोंयकाराचं जेवण, त्यावर त्याचा हक्क आहे. दोन महिने मासेमारी बंद म्हणून आम्ही उपाशी राहायचं का? सरकारनं बाहेरून मासळी आणावी, दर बांधून द्यावेत. दुसरी बाजू म्हणते, आपलं खरं जेवण बाहेरच्यांनी बिघडवलं, आताच्या पोरांना तायकिळो दाखवला तर ती त्याला रान समजतील. पहिल्या बाजूला भाव दिसतो, दुसरीला अस्मिता. त्या दुपारीही दोन्ही बाजू तावातावानं बोलल्या, डबे धुऊन झाले आणि जो तो आपापल्या टेबलाकडे गेला.

मला या दोन्ही बाजूंची मांडणीच चुकीची वाटते. पदार्थांची एक यादी करून तिला गोव्याचं जेवण म्हणता येत नाही. गोव्याचं जेवण हे एक पंचांग आहे आणि ते खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीत, कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, डोंगराच्या उतारावर आणि नदीच्या तोंडाशी लिहिलेलं आहे. कुठल्या महिन्यात काय शिजेल हे या जागा ठरवत आल्या. त्या जागांचं काय झालं, त्या कुणाच्या ताब्यात आहेत, त्यांची राखण कोण करतं, हे विचारायचं सोडून आपण ताटात काय असावं यावर भांडतो आहोत. बांध फुटलेला असताना चुलीपाशी बसून भाताच्या चवीवर वाद घालण्यासारखं हे आहे.

आधी अस्मितेचा मुद्दा घेऊ, कारण आवाज त्याचाच मोठा असतो. अस्सल गोमंतकीय जेवण म्हणजे कुठल्या सालचं? हुमणाला, म्हणजे माशाच्या कढीला, लाल रंग देणारी मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांबरोबर आली. काजू ब्राझीलचा. बटाटा, अननस, पेरू, पपई सगळे समुद्र ओलांडून आलेले. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याची वाट पाहणारं घर हिंदू असो की ख्रिस्ती, त्याच्या दारात येणारा पाव पोर्तुगीज येण्यापूर्वी इथे नव्हता. आज कुणी काजूला परका म्हणणार आहे का? आणि ताटावरून माणूस आपला की परका हे ठरवण्याचा प्रयोग या भूमीनं एकदा भोगलेला आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयानं, काढलेल्या फर्मानात धर्मांतरितांनी कुठल्या चाली पाळू नयेत याची लांबलचक यादी होती. भात अळणी शिजवून मीठ मागाहून घ्यायची हिंदूंची रीत, तीसुद्धा त्या यादीत मना केलेली होती. भातात मीठ आधी पडलं की नंतर, यावरून घरात कोणता देव आहे हे शोधणारी सत्ता आपल्या पूर्वजांनी पाहिली. त्यांच्याच वारसांनी आज शेजाऱ्याच्या डब्यात डोकावून तो किती गोंयकार आहे ते मोजावं, हे मला अतिशय क्लेशदायक वाटतं.

मग या जेवणात काहीच टिकाऊ नाही का? आहे, पण ते पदार्थाच्या नावात सापडत नाही. नुस्त्याचं हुमण घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते बारा महिने सारखंच दिसतं: नारळ, मिरची, हळद, मासे. पण त्यातलं आंबट बघा. चैत्र-वैशाखात झाडाखाली पडलेलं तोर, म्हणजे कोवळी कैरी, चिरून टाकतात. पावसाळ्यात परसातली बिमलां येतात, श्रावण-भाद्रपदात आंबाडे. यातलं काहीच हाताशी नसेल तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सोलां किंवा मीठ लावून गोळे केलेली चिंच. माझी आई हुमणाची चव घेऊन महिना सांगत नसे, पण महिना बदलला की तिचा हात आपोआप वेगळ्या बरणीकडे जाई. अस्मितावाले ज्या कढीला गोव्याची ओळख म्हणून मिरवतात, तिचीच खरी ओळख ती दर दोन महिन्यांनी बदलते ही आहे. हॉटेलातल्या थाळीत बाराही महिने एकच आंबट असतं. तिथे बासा असो की विसवण (सुरमई), फरक पडत नाही, कारण महिना आधीच त्या ताटातून गेलेला असतो.

आणि तायकिळो. देशावर याला टाकळा म्हणतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला, पडीक भाटात, म्हणजे मालकीच्या बागायती जमिनीत, कुंपणाच्या मुळाशी तो उगवतो. वीतभर उंच झाला की वरचा कोवळा शेंडा नखानं खुडायचा. पानं दिवस मावळताना मिटतात, म्हणून खुडायचा तो सकाळी. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की पान राठ होतं, फुलं दिसू लागली की त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच्या आगेमागे लुती येते, तेरें, म्हणजे रानअळू, येतं, कुडूक येते, बांबूचं किल्ल येतं. तेऱ्याला आंबाडे नाहीतर सोलां घालावीच लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते, लुतीचंही तेच. कुठल्या पानाला कोणतं आंबट, ते किती उकळायचं, कोणतं पाणी फेकायचं हे ज्ञान कुणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नव्हतं. पुढे फागलां (कर्टुली), तवशीं (काकड्या), हळदीच्या पानातल्या पातोळ्यो. आमच्याकडे त्या नागपंचमीला होतात, ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला; हळदीचं पान दोन्ही घरांसाठी एकाच वेळी वाढतं. भाद्रपदात चतुर्थीला गणपतीवर माटोळी, म्हणजे रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात. तिच्यात सुपारीचे घोस, नारळाची पेंड, तोरिंगण, आंबाडे, कवंडळां, कांगलां, घागऱ्यो, माट्टुळ्यो लटकतात. लहानपणी माटोळी बांधताना वडील एकेक फळ उचलून, हे कुठल्या डोंगरावरचं, हे कुणाच्या कुळागरातलं, असं सांगत. गावच्या परिसराची ती हजेरी होती. आज माटोळीचं सामान फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारात जुडी करून मिळतं, आम्हीही तेच आणतो, आणि माझ्या मुलीला त्यातल्या निम्म्या फळांची झाडं दाखवायला मला जागा उरलेली नाही.

इथे मला थांबवून कुणी विचारेल, आणि त्याला विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे: बाई, हे सगळं गोड वाटतं ते पोट भरलेलं असल्यामुळे. हंगाम म्हणजे टंचाई. पावसाळ्याचे चार महिने कष्टकऱ्याच्या घरात सकाळी पेज, दुपारी पेज, तोंडी लावायला खाऱ्या सुंगटांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, तुकडा. तायकिळो लोकांनी चवीसाठी खाल्ला नाही, दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ला. हा आक्षेप या वादातला सगळ्यांत वजनदार आहे आणि तो खरा आहे. मे महिन्यात मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पुरुमेंताचं फेस्त भरतं; पुरुमेंत हा शब्दच पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतू’वरून आला, त्याचा अर्थ तरतूद. खारं नुस्तं, गालमो (सुका जवळा), मिरच्या, सोलां, चिंच, कांद्यांच्या माळा. आज आपण तिथे हौसेनं जातो. आमच्या आजीच्या पिढीसाठी ती भीतीची खरेदी होती. माझी आजी आषाढात तांदळाच्या कणगीत हात घालून तळ किती वर आलाय ते बघायची आणि मग पेजेत पाणी वाढवायची. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला डोक्यावरचं छप्परही त्याच्या मर्जीवर होतं. १९७५ चा मुंडकार कायदा येईपर्यंत त्याला हुसकून लावणं अवघड नव्हतं. शिवाय हे हंगामी जेवण बायकांच्या कंबरेवर उभं होतं. आठळ्यांना माती लावून ठेवणं, सोलां वाळवणं, चेपणीची तोरां मिठाच्या पाण्यात दगडाखाली दाबणं, उकड्या तांदळाचं भात उकडून अंगणात पसरणं आणि पावसाचा थेंब पडला की धावत जाऊन गोळा करणं. हे दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. परंपरेत सगळं शहाणपणाचंच होतं असंही नाही. पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यातून, मेरडांवरून वर चढणारे चढणीचे मासे आपण नेमके त्याच वेळी टोपल्या लावून पकडत आलो.

पण हा आक्षेप आणखी एक पाऊल पुढे नेऊन पाहा. गरिबाच्या घरात आषाढात जे शिजत होतं, ते त्यानं विकत घेतलेलं नव्हतं. तायकिळो, लुती, किल्ल, ओळमीं (अळंबी), खाडीतले खुबे, तिसऱ्यो, काल्वां यांना पैसे पडत नव्हते. जमीन भाटकाराची असली तरी डोंगरावरची पालेभाजी आणि भरती-ओहोटीच्या चिखलातला शिंपला यांच्यावर सगळ्या गावाचा हात होता. टंचाईच्या दिवसांतली ती विनामोल शिदोरी होती. आता चित्र उलटं झालं आहे. श्रावणाच्या सुमारास वारुळांवर उगवणारी ओळमीं रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला ठेवलेली दिसतात आणि गाड्या थांबवून घेणारे लोक कोण असतात ते तुम्हीही पाहिलं असेल. अभयारण्यांच्या हद्दीत ती काढायला वन खात्याची मनाई आहे, तीही रास्त, कारण वारुळंच खणली जाऊ लागली होती. काल्वांचा वाटा घेताना नोकरदार माणूसही आता दोनदा विचार करतो. म्हणजे भूक गेली हे खरं, पण ती गेली रेशनच्या तांदळानं, पगारानं, दुकानातल्या अंड्यांनी. रानातलं आणि खाडीतलं अन्न मात्र गरिबाच्या हातून निसटून पैसेवाल्याच्या ताटात चवीची वस्तू होऊन बसलं. हंगामी खाणं हा श्रीमंतांचा शौक आहे, असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे: तो शौक झाला कधी आणि कुणामुळे?

आता नुस्त्याकडे येऊ. १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात मासळी महाग होते, आणि मजुरी करणाऱ्या, दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला स्वस्त मासळी हवी, हे मागणं काही चैनीचं नाही. बाहेरून मासळी येऊच नये असंही मी म्हणत नाही. कर्नाटकातून, आंध्रातून, तमिळनाडूतून ती येते आणि एरवीही येतेच. पण २०१८ च्या जुलैत काय झालं ते आपण फार लवकर विसरलो. मडगावच्या घाऊक बाजारात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचा संशय आला, घराघरांतून नुस्तं बंद झालं, सरकारला काही दिवस बाहेरची मासळी रोखावी लागली, आणि त्या दिवसांत दिसलं की बाजारातल्या टोपल्या बाहेरच्या मासळीवाचून किती रिकाम्या राहतात. तेव्हा सगळी चर्चा रसायनाभोवती फिरली. दर्या समोर असलेल्या राज्याला शेकडो मैलांवरून बर्फात मासे आणावे का लागतात, हे विचारणारे फार थोडे होते.

ते कारण जुनं आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले, तेव्हा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे रापोणकार रस्त्यावर उतरले. त्यांचं नेतृत्व माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी केलं. त्या रेट्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतची पाच किलोमीटरची पट्टी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखली गेली. कायदा झाला, पट्टी कागदावर आली, पण पट्टीत घुसणाऱ्या बोटींच्या तक्रारी आजही ऐकू येतात. मग एलईडीचे दिवे लावून रात्री थवेच्या थवे ओढण्याचं तंत्र आलं. २०१७ साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो अशा तक्रारी मच्छीमार करतच असतात. जुलैमधल्या बंदीला शिव्या घालणारा ग्राहक जानेवारीतल्या या दिव्यांबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, बंदीचे दोन महिने उठवा, दर बांधून द्या, अनुदान द्या. समुद्रात मासाच कमी उरला तर अनुदान कशावर देणार? रापोणकारांनी सत्तरच्या दशकात जे सांगितलं तेच आपल्या थाळीचं अर्थशास्त्र होतं. आपण तेव्हा ते एका जमातीचं भांडण समजलो.

पावसाळ्यात नुस्तं नव्हतंच असंही नाही. ते खाजनात होतं. माझं माहेर झुआरीच्या काठचं, म्हणून याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. बांध चिखलाचा, आतून गवत-काट्यांनी आणि बाहेरून चिऱ्यांनी बांधलेला. त्यात मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीच्या दाबानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारा खोलगट भाग, आणि वरच्या अंगाला शेत. पावसानं जमिनीतला खार धुऊन निघाला की सरदाचं पीक घ्यायचं, तेही कोरगुटाचं, कारण खाऱ्या मातीत तग धरणारं भात ते. पीक निघालं की खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर शेवटे, चोणक, सुंगटां, कुर्ल्यो आत येतात आणि पोसतात. एकाच जमिनीच्या तुकड्यातून शीत आणि नुस्तं दोन्ही. लहानपणी मावशीबरोबर मी मानशीवर जायची. ओहोटीच्या वेळी दाराला जाळं लावलेलं असे, पाणी गढूळ होऊन जोरानं बाहेर पडे आणि जाळ्याच्या टोकाला सुंगटांचा ढीग उडत असे. मानसकार एक ओंजळ बाजूला काढून मावशीच्या पदरात टाकी. त्या दिवशी दुपारी सुंगटांचं आणि वांग्याचं तोंडाक व्हायचं.

हे आपोआप चालत नव्हतं. बांधाला भोक पडलं की गावातली माणसं धावत जात. त्यामागे गावकरी होती, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. या गावकरीची, पुढे जिला कोमुनिदाद म्हटलं गेलं तिची, रीतभात पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून काढली, म्हणजे ती त्याच्याही आधीची. तिच्यातही अन्याय होता. बांध राखणाऱ्या हातांना गावकरीच्या उत्पन्नात वाटा होताच असं नाही. म्हणून कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली, हे व्हायलाच हवं होतं. मुक्तीनंतरच्या गोव्यातला तो मोठा न्याय होता आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला मी कधीच बसणार नाही. पण जमीन वाटली गेली आणि बांध तसाच राहिला. तो कुणा एकाचा नव्हताच. त्याची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही संघ जागे राहिले, बरेच कागदावर उरले. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि लिलाव घेणाऱ्याचा फायदा पाणी जास्त आत घेण्यात असतो. भाताची वेळ असतानाही दार उघडं राहिलं तर खार शेतात चढतो. एकदा शेत पडीक झालं की बांधाकडे कुणी बघत नाही, बांध फुटतो, आत कांदळवन वाढतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, ते योग्यच, पण ते शेत पुन्हा शेत होत नाही. माझ्या माहेरी हेच झालं. कोरगुटाचं लाल शीत मी शेवटचं तिथे कधी जेवले, हे आठवायला मला वर्षं मोजावी लागतात.

यावर कुळाचा मुलगा मला विचारतो, तेव्हा मी गप्प होते. तो म्हणतो, ताई, मजूर मिळत नाही, रोपं लावायला माणूस आणायचा तर पिकाच्या भावाहून मजुरी जड. माझा बाप चिखलात राबला ते मी शिकावं म्हणून. तुम्हाला कोरगुट खायचं आहे म्हणून मी वेठीला का? त्याचं बोलणं रास्त आहे. जमीन राखण्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं मोजायची आणि त्या जमिनीनं अडवलेलं पुराचं पाणी, पोसलेले मासे, जिरवलेला पाऊस यांचा लाभ सगळ्यांनी घ्यायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे असं मी म्हणते. बांधाची दुरुस्ती ही रस्त्याच्या दुरुस्तीसारखी सरकारी तिजोरीतून आणि वेळेवर झाली पाहिजे, फुटल्यावर नव्हे तर मे महिन्यात. २०२३ साली विधानसभेनं भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, त्याचं स्वागत. पण त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं आणि पुढच्या वर्षी ३९(ए). प्रादेशिक आराखड्यातल्या जमिनीचा वापर तुकड्या-तुकड्यानं बदलून देणारी ही कलमं. त्यांच्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले, ग्रामसभांत भांडले. एका हातानं शेत राखायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या शेजारचा डोंगर निवासी विभागात टाकायचा, यातून शेत राखलं जात नाही. कारण खाजनात उतरणारं गोडं पाणी त्या डोंगरातूनच येतं.

बाजार आहे ना, सगळं मिळतं, मग एवढी चिंता का, असंही म्हणतात. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षांतही सगळं मिळत होतं. भारतानं आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात हॉलंडचे बटाटे आले, हे आमच्या घरातली मोठी माणसं सांगत. दुकानं भरलेली आणि तांदूळ बोटीनं आणलेला. आज बोटीच्या जागी ट्रक आहे. भाजी बेळगावची, चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटानं उतरणारी. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, सीमा बंद झाल्या, आणि पहिल्या काही दिवसांत कांद्या-बटाट्यासाठी गोव्यातली माणसं कशी हवालदिल झाली ते मी विसरले नाही. त्या आठवड्यात आमच्या शेजारणीनं परसातला नीरफणस कापून चार घरांत वाटला.

मग करायचं काय, हे विचारणाऱ्यांना मी शाळेपासून सुरुवात करायला सांगते. आपल्या शाळांत माध्यान्ह आहार महिला स्वयंसहाय्य गट करतात आणि मुलांच्या ताटात वर्षभर पाव-भाजी फिरून फिरून येते. या गटांच्या बायकांना दोष देऊ नका. जो दर मिळतो त्यात त्या जे करतात ते मोठं आहे आणि देयकं थकली की पदरमोडही त्याच करतात. दर वाढवा आणि त्याबरोबर गावातून खरेदीची मुभा द्या. हिवाळ्यात आळसांद्यांचं तोंडाक, तांबडी भाजी, आगशीची वांगी, कणगां. श्रावणात फागलां आणि तवशीं. आठवड्यातून एकदा उकड्या तांदळाची पेज आणि वर चेपणीचं तोर. मुलं खाणार नाहीत, असं म्हणतात. खातील की नाही ते आपण करून पाहिलेलं नाही. एका शाळेनं गावातल्या पाच शेतकऱ्यांकडून वर्षभर घेतलं तर त्या पाच जणांना शेत टाकून न जाण्याचं एक कारण मिळतं. बाजारातही तसंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पालेभाजीच्या चार जुड्या घेऊन गावाकडून येणारी बाई जमिनीवर पोतं पसरून बसते आणि पावसात भिजते. घाऊक मालाला शेड मिळते, तिला मिळत नाही. हंगामी जेवणाची ज्यांना एवढी कळकळ आहे त्यांनी आधी तिच्या डोक्यावर छप्पर मागावं.

आणि ग्रामसभेला जावं. नुस्त्याच्या दरावर तासभर बोलणारी माणसं रविवारी ग्रामसभेत बांधाचा, मानशीच्या लिलावाचा, डोंगरकापणीचा विषय निघतो तेव्हा घरी असतात. मीही कित्येकदा घरी होते.

त्या दुपारनंतर मी बाईंना विचारलं, तायकिळो कुठून आणता? त्यांनी सांगितलं, घरामागे एक मोकळं भाट आहे, मालक कधीचा मुंबईला, गुरं चरतात, दर पावसात तिथे तायकिळो फुटतो. नवा मुलगा म्हणाला, पुढच्या वेळी मला दाखवा, मी कधी पाहिलेला नाही. पुढच्या जूनमध्ये बाईंच्या डब्यात पुन्हा तीच भाजी होती, भिकणां घालून केलेली. मुलानं त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, भाट विकलं गेलं, चिऱ्यांचं कुंपण झालं, आत जाता येत नाही. ही जुडी फोंड्याच्या बाजारातून आणली, वीस रुपयांना.